पन्नाशीनंतरची गिटार

लोणारला बाहेरगावचा पाहुणा आला की सरोवराचं विचारतो, दैत्यसूदनाच्या देवळाचं विचारतो. माझ्या घरी आला तर आधी कोपऱ्यातल्या गिटारीकडे बघतो. "मुलीची का?" गिटार मुलीचीच होती. ती नोकरीला गेली आणि वाद्य इथं राहिलं. आता मी शिकतोय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "या वयात?" मी ५३ वर्षांचा आहे.

गिटार म्हणजे परकं वाद्य, आपल्या कानाला ते कसं कळणार, असं अनेकांना वाटतं. ज्यांनी भजनात पेटी ऐकली आहे त्यांना एक गंमत सांगतो. गिटारीची सगळ्यात जाड तार पांढरी तीनमध्ये लागते. तिला सा माना. मग खालून वर मोकळ्या तारा अशा वाजतात: सा, शुद्ध मध्यम, कोमल निषाद, कोमल गंधार, पंचम आणि पुन्हा सा. जाणकारांच्या लक्षात आलंच असेल, हे तर धानी रागाचे पाच स्वर! आता बारीक तारेकडून मोजून चौथ्या आणि पाचव्या तारेवर, दुसऱ्या पडद्यात, दोन बोटं ठेवा. मध्यमाचा पंचम होतो, निषादाचा सा होतो. सहाही तारा छेडल्या तर सा, गंधार आणि पंचम एवढेच ऐकू येतात. याला ई मायनर म्हणतात. पहिल्याच दिवशी येणारी ही कॉर्ड आहे.

दुखतं मात्र खूप. बोटांच्या टोकांना पोलादी तार रुतते. आयुष्यभर कुदळ धरलेल्या माणसाला घट्टे असतात, पण ते तळहाताला. इथं कातडी टोकाला जाड व्हावी लागते आणि त्याला काही आठवडे जातात. या काळात बरेच प्रौढ लोक "आपली बोटंच कडक झालीत" म्हणून वाद्य ठेवून देतात. पुष्कळदा दोष बोटांचा नसतोच. स्वस्त गिटारीत तारा पडद्यांपासून फार उंच असतात. मिरजेचे कारागीर सताऱ्या-तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी लावतात तसं हे वाद्यही जुळवून घ्यावं लागतं. घोडीवरची पट्टी थोडी घासून घेतली की तेवढ्याच जोरात तार नीट बोलते. नायलॉनच्या तारांची गिटार आणखी मऊ पडते. शिवाय आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली गिटार ठेवू नका. डिंक मऊ होऊन घोडी उचकटते.

खरी अडचण कानाची. लहान मूल बेसूर वाजवतं आणि खूश होतं. आपण ४० वर्षं उत्तम गाणं ऐकलेलं असतं, त्यामुळे स्वतःचं वाजवणं ऐकवत नाही. यावर मला एकच उपाय सापडला, तो म्हणजे ताल न सोडणं. केरव्याच्या आठ मात्रा उजव्या हातानं चालू ठेवायच्या, डावं बोट चुकलं तरी थांबायचं नाही. टाळ वाजवलेल्या माणसाला हे जमतं. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची १५ मिनिटं बरी.

गिटारीत लांब मींड सहज निघत नाही, हा आक्षेप खरा आहे. तोच आक्षेप पेटीवरही होता. १९४० साली आकाशवाणीनं पेटीला बंदी घातली आणि ती १९७१ साली सैल झाली. त्या मधल्या काळात घराघरांत पेटी वाजतच होती, ही गोष्ट वेगळी. गिटारीवर पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तारेवरून धातूची कांडी सरकवून मींड काढली. १९६७ सालची शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका अजून ऐकावी अशी आहे.

मला तिथवर जायचं नाही. माझी आई ८१ वर्षांची आहे, अंथरुणाला खिळलेली. दुपारी जेवलो की नाही हे तिला आठवत नाही, पण जात्यावरच्या ओव्या आठवतात. त्यातल्या काहींत कोमल गंधार आहे. पेटी तिच्या खाटेवर मावत नाही. गिटार मांडीवर घेऊन तिच्या उशाशी बसता येतं. तिचा आवाज रोज वेगळ्या पट्टीत लागतो. त्यासाठी कॅपो नावाचा चिमटा असतो. तो दुसऱ्या पडद्यावर लावला की सा काळी तीनवर जातो, बोटं मात्र त्याच आकारात ठेवायची. आई गायला लागली की मी चिमटा सरकवत पट्टी शोधतो. तोवर तिची एक ओवी संपलेली असते.

दुसऱ्या ओवीपासून मी असतो. कॉर्ड बदलायला मला अजून अर्धी मात्रा उशीर होतो. ती थांबत नाही. परवा मी थांबलो, तर डोळे मिटूनच म्हणाली, "कारे, दमला का?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)