चहाचें दुसरें पाणी



चहा कसा करावा हें गृहिणींना सांगण्याचें धाडस मी करणार नाहीं. अडतीस वर्षें मुलांना पाढे शिकविले. चहाचें माझें शिक्षण मात्र निवृत्तीनंतर सुरू झालें. आज बोलावयाचें आहे तें एकदां वापरलेल्या चहाच्या पानाविषयीं. त्यावर पुन्हां पाणी घालावें कीं नाहीं, आणि घातलें तर तें कुणाला द्यावें, एवढाच प्रश्न आहे.

आमच्या लहानपणीं घरांत चहा मोजून होत असे. पाहुणे उठून गेले, कीं गाळण्यांतला चोथा आई पुन्हां आधणांत टाकी, चिमूटभर साखर घाली आणि चुलीपाशीं बसून तो चहा पिई. आम्हीं विचारलें तर म्हणे, "मला फिकाच आवडतो." आम्हीं तें खरें मानलें, तसें मानणें आम्हांला सोयीचेंहि होतें.

कांहीं वर्षांपूर्वीं माझा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. व्यापारानिमित्त त्याचें चीनमधील ग्वांगदोंग प्रांतांत जाणेंयेणें असतें. तेथील चाओचौ भागांतला ऊलाँग चहा त्यानें आणला होता. लांबट, काळसर, पीळ दिलेलीं अख्खीं पानें. लहानशा किटलींत त्यानें सुमारें ७ ग्रॅम पानें टाकलीं, १०० मिलिलिटर उकळतें पाणी ओतलें, आणि दहा अंक मोजून होतात न होतात तोंच तें सर्व पेल्यांत उतरविलें. आम्ही प्यालों. संवयीप्रमाणें मी किटली मोरीकडे नेऊं लागलों, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, थांबा. पान आतां कुठें उमलतें आहे." दुसरें पाणी पहिल्याहून सुवासिक लागलें, तिसरें गोडसर. सातव्या पाण्यापर्यंत आम्ही गप्पा मारीत बसलों.

याचें कारण पानाच्या घडणींत आहे. अख्खें, वळलेलें पान पाण्यांत हळूहळू उलगडतें आणि आपला स्वाद थोडाथोडा सोडतें. पान पुष्कळ, पाणी थोडें आणि वेळ अल्प, त्यामुळें पहिल्या खेपेस सर्व कांहीं निघून जात नाहीं. आपल्या नेहमींच्या दाणेदार चहाची गोष्ट वेगळी. विल्यम मॅकर्चर यांनीं १९३० च्या सुमारास आसामांत पान चिरडणारें, फाडणारें व वळणारें यंत्र प्रचारांत आणलें; 'सीटीसी' हीं अक्षरें त्या तीन क्रियांचींच. हे दाणे दूधपाण्यांत उकळले, कीं दाट रंग व कडकपणा तत्काळ देतात, आणि तेवढ्यांत जवळजवळ रिते होतात.

चीनमध्येंहि पूर्वीं दुसऱ्या पाण्याचा प्रश्न नव्हता. सुंग काळांत चहाच्या वड्या दळून तें चूर्ण गरम पाण्यांत घुसळून पीत. मागें कांहीं उरतच नसे. १३९१ मध्यें मिंग सम्राट होंगवू यानें खंडणीचा चहा वड्यांऐवजीं सुट्या पानांच्या रूपांत मागविला. पुढें पानें पाण्यांत मुरवून पिण्याची चाल रूढ झाली.

घरीं करून पाहावयाचें असल्यास दार्जिलिंगचा अख्ख्या पानांचा चहा घ्यावा. दूध व साखर किटलींत घालूं नये. पहिलें पाणी तीन मिनिटें ठेवावें, दुसरें पांच. प्रत्येक वेळीं किटली पूर्ण निथळावी. पान पाण्यांत पडून राहिलें, तर चहा कडू होतो. ओलीं पानें दुसऱ्या दिवसासाठीं ठेवूं नयेत. त्यांवर बुरशी धरते. दुसऱ्या पाण्यांत कॅफीन कमी उतरतें, परंतु मुळींच नसतें असें नाहीं. ज्यांची झोप नाजूक आहे त्यांनीं हें ध्यानीं ठेवावें.

चाओचौकडील रीत अशी, कीं एकाच किटलींतलें प्रत्येक पाणी यजमान व पाहुणे मिळून पितात. मध्येंच नवा पाहुणा आला, तर जुनीं पानें टाकून नवीं घालतात. अगदीं फिका पडलेला चहा पुढें करणें हा अनादर समजतात. काटकसर त्या लोकांनाहि कळते. पण ती कुणा एकाच्या पेल्यांत ओतीत नाहींत.

आमच्या घरीं येई ती स्वस्त, बारीक पूड. ती एकदां खळखळून उकळल्यावर चोथ्यांत थोडा रंग आणि थोडा तुरटपणा एवढेंच शिल्लक राहात असणार. आईच्या पेल्यांत तेवढेंच होतें. तें तिला खरोखरच आवडत होतें काय, हें आतां विचारतां येत नाहीं.

अख्ख्या पानाचें दुसरें पाणी अवश्य घ्या, श्रोतेहो. त्यांत कमीपणा नाहीं. मात्र पहिलें घ्याल तसेंच दुसरेंहि सर्वांनीं वांटून घ्या. आपल्या घरांत उरलेल्या चहाचा पेला रोज कुणाच्या हातीं जातो, एवढें आज संध्याकाळीं पाहावें, ही विनंती.