लग्नाचा चौक कोणी लपवून काढत नाही
(डहाणू तालुक्यात महिला बचत गटाच्या बैठकीत केलेले भाषण)



तुमच्यापैकी काही जणींची चित्रे घरी पेटीत गुंडाळून पडली आहेत. विचारले की म्हणता, "ताई, लोक हसतील."

पण लग्नाचा चौक कोण काढते? सवासिनीच ना? गेरूच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने. सारे वऱ्हाड तो पाहते. तेव्हा लाज वाटत नाही. भिंत आपल्या माणसांत असते, कागद परक्याच्या हाती जातो, म्हणून भीती वाटते.

आपल्याच तालुक्यातल्या जिव्या सोमा म्हसे यांनी हीच चित्रे कागदावर काढली आणि जगाला दाखवली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण या कलेची मूळ मालकी तुमच्या आज्यांची आहे.

म्हणून पुढच्या बैठकीला प्रत्येकीने एकच चित्र आणावे. आम्ही नुसते "छान" म्हणणार नाही, "हे काय काढलेस?" असे विचारू. तुम्ही सांगा : ही भातलावणी, हा तारपा. आपल्या माणसांत सांगायची सवय झाली की परक्यासमोरही शब्द सुचतात.

आणि चित्राखाली आपले नाव घाला. पेटीतल्या चित्राला किंमत मिळत नाही. निनावी चित्राची किंमत दुसराच ठरवतो.