श्रद्धा आणि शेतकऱ्याची तीन कामं

(वर्षावासातील रविवारच्या कार्यक्रमात महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. तीस वर्षं दवाखान्यात आयाची नोकरी केली. तिथं बोलण्यापेक्षा ऐकण्याचंच काम जास्त. पण भन्तेजींनी "श्रद्धा" हा विषय दिला आणि म्हणाले, "ताई, पुस्तकातलं सांगू नका, घरातलं सांगा." म्हणून घरातलंच सांगते. त्यात माझी चूक आहे, तीही लपवत नाही.

माझा धाकटा मुलगा पदवीधर झाला आणि स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला लागला. आमच्या घराण्यात साहेब कोणी झालं नाही. त्यामुळं ध्येय त्याचं होतं, पण ते मीच हातात घेतलं. स्वयंपाकाच्या ओट्यावर भिंतीला वेळापत्रक लावलं. सकाळी किती वाजता उठला, किती पानं वाचली, मोबाइल किती वेळ बघितला, सगळ्याचा हिशेब माझ्याकडं. चहाचा कप ठेवताना तोंडातून एकच प्रश्न, "किती झालं?"

मग आला कोरोना. २०२० च्या एप्रिलमध्ये होणारी परीक्षा पुढे गेली, पुन्हा पुढे गेली, आणि शेवटी २०२१ च्या मार्चमध्ये झाली. जवळजवळ एक वर्ष! दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही चार माणसं. परीक्षेची तारीख माझ्या हातात नव्हती, आजार हातात नव्हता. मग जे हातात होतं, म्हणजे तो पोरगा, त्याला मी आणखी घट्ट धरलं.

आणि आता चूक सांगते. शेजारची एक बाई म्हणाली, अमुक एक बाबा अंगारा देतो, पेपर सोपा जातो. बावीस प्रतिज्ञा मी दर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला याच विहारात उभं राहून म्हणते. तरी मी गेले. पुडी आणली आणि गुपचूप त्याच्या ओळखपत्राच्या पाकिटात ठेवली. परीक्षेच्या दिवशी सकाळी दारातच त्यानं ओळखपत्र तपासायला पाकीट उघडलं आणि पुडी खाली पडली. बाबासाहेबांच्या फोटोसमोर. तो रागावला नाही. एवढंच म्हणाला, "म्हणजे मी केलेल्या अभ्यासावर तुझा काडीचा विश्वास नाही." आणि गेला.

थोड्या मार्कांनी तो राहिला. निकालाच्या रात्री अकरा वाजून गेले तरी पोराचा पत्ता नाही, फोन बंद. मनात काय काय आलं असेल ते इथल्या आया-बायांना सांगायला नको. त्याचे वडील शोधत निघाले, तर तो ह्याच विहाराच्या पायरीवर बसलेला. घरी आल्यावर म्हणाला, "आई, नापास झालो त्याचं मला एवढं वाटलं नाही. तुझं तोंड बघायची भीती वाटली."

त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी उठून भन्तेजींकडं आले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, पुडीबद्दल बोलणी खावी लागतील. भन्तेजींनी मला अंगुत्तर निकायातली शेतकऱ्याची गोष्ट सांगितली.

भगवान बुद्ध भिक्खूंना सांगतात की शेतकऱ्याला तीन कामं तातडीनं करावी लागतात. जमीन नांगरून तयार करायची, वेळेवर बी पेरायचं, आणि वेळेवर पाणी द्यायचं आणि काढून टाकायचं. पण आज उगव, उद्या कणीस धर, परवा पिकून तयार हो, असा हुकूम सोडण्याची शक्ती त्याच्याकडं नाही. पीक आपल्या ऋतूप्रमाणे येतं.

माझं माहेर शेतीचं. उगवलं की नाही म्हणून रोज बी उकरून बघणारा शेतकरी मी पाहिला नाही. पण मी स्वतः तेच करत होते. "किती झालं, किती झालं" म्हणजे दुसरं काय? आणि अंगारा म्हणजे पिकाला हुकूम सोडण्याचाच प्रकार.

आपल्याला लोक म्हणतात, तुमच्यात देव नाही, मग अडचणीत तुम्ही भार टाकणार कुणावर? मलाही हा प्रश्न पडायचा. आज मला उत्तर असं वाटतं. आपली श्रद्धा कुणावर भार टाकण्याची नाही. कारण असेल तर परिणाम होतो, चांगलं कर्म वाया जात नाही, ह्या नियमावर ती श्रद्धा आहे. तीही आंधळी नको. कालामांना भगवंतांनी सांगितलंच आहे की स्वतः तपासून घ्या. तपासून घेतलं की मग मात्र विश्वास टाकायचा, रोज उकरायचं नाही.

कुणी म्हणेल, मग हात जोडून बसायचं का? मुळीच नाही! बाबासाहेबांकडं बघा. महाडच्या चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ ला त्यांनी ओंजळीत घेतलं. त्यानंतर कोर्टकचेरी सुरू झाली. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ ला. दहा वर्षं! निकालाची तारीख त्यांच्या हातात नव्हती. कागद तयार करणं, पुरावे गोळा करणं हातात होतं, त्यात त्यांनी कसूर ठेवली नाही. आणि "बुद्ध आणि त्यांचा धम्म" हा ग्रंथ? शरीर साथ देत नसताना लिहून काढला. ६ डिसेंबर १९५६ ला महापरिनिर्वाण झालं आणि ग्रंथ छापून आला १९५७ मध्ये. छापलेलं पुस्तक त्यांनी हातात धरलं नाही. पण आपल्या घराघरात ते वाचलं जातं. पेरणी अशी असते.

आणखी एक गोष्ट अभ्यासिकेतल्या मुलांसाठी. सोण नावाचा भिक्खू राजगृहाजवळ शीतवनात साधना करत होता. श्रीमंताघरचा, नाजूक. चालून चालून त्याचे पाय रक्तबंबाळ झाले, तरी मन मुक्त होईना. धम्म सोडून घरी जावं असं त्याला वाटू लागलं. बुद्धांनी विचारलं, "सोण, तू घरी असताना वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर ती नीट वाजायची का? आणि फार सैल सोडल्या तर?" सोणाला कळलं. त्याची मेहनत चुकीची नव्हती, ताण चुकीचा होता. पुढं तो अर्हत झाला. बाळांनो, दोन वाजेपर्यंत जागून डोळे लाल करणं म्हणजेच अभ्यास नव्हे. आणि आई-बापांनो, ती तार पिळणारा हात पुष्कळदा आपलाच असतो.

आता आमच्या घरी काय बदललं? वेळापत्रक मी काढून टाकलं. माझी तीन कामं ठरवली. वेळेवर जेवण, घरात टीव्हीचा आवाज कमी, आणि रात्री सर्वांनी मिळून वंदना. चहा ठेवते आणि गप्प निघून येते. सुरुवातीला जीभ चावावी लागायची! मुलानं सकाळी एका दुकानात हिशेबाचं अर्धवेळ काम धरलं, आणि संध्याकाळी इथं लहान मुलांचं गणित घेतो. आपण होऊन मला सांगतो, "आई, आज अमुक धडा झाला."

त्यानं पुन्हा परीक्षा दिली आहे. निकाल अजून लागायचा आहे. म्हणूनच मी आज बोलायला उभी राहिले. निकाल चांगला लागल्यावर श्रद्धेवर कुणीही बोलेल. पोटात कालवाकालव होत असताना बोलता येतं का, ते मला माझं मलाच बघायचं होतं. कालवाकालव होते, खोटं कशाला सांगू? पण ह्या वेळी पाकिटात पुडी नाही. आणि निकाल काहीही लागो, त्या रात्री माझा मुलगा पायरीवर बसणार नाही, सरळ घरी येईल. एवढं पीक तरी आमच्या पदरात पडलं आहे.

ह्या विहाराच्या पायासाठी आपल्या सासू-सासऱ्यांनी पगारातून दोन-दोन, पाच-पाच रुपये वर्गणी दिली. त्यातले कितीजण आज नाहीत. वर अभ्यासिका होईल, तिथं त्यांच्या नाती बसून अभ्यास करतील, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी आपलं काम केलं. आज वर जाऊन बघा, खोली भरलेली आहे.

चुकलं-माकलं असेल तर पदरात घ्या. मी माझे दोन शब्द संपवते.

नमो बुद्धाय. जयभीम!