टाकलेल्या लाकडाचा बाक
(मंडळाच्या सभेतील भाषणाचा संपादित मजकूर)



समोर ज्या बाकावर तुम्ही चहाचे कप ठेवले आहेत, तो मी केलेला आहे. आमच्या शेजारी नवे घर बांधत होते. डंपस्टरमध्ये टू-बाय-फोरचे दोन-तीन फुटी तुकडे पडले होते. कंत्राटदाराला विचारून मी ते आणले. खर्च आला तो फक्त स्क्रू आणि तेलाचा.

कौतुक करण्याआधी माझी चूक ऐका. त्या ढिगात काही हिरवट तुकडे होते. मास्क न लावता मी तेही घासले आणि उरलेले शेकोटीत टाकणार होते. तेवढ्यात एकाच्या टोकाला स्टेपल केलेली पट्टी दिसली : ‘प्रेशर ट्रीटेड’. रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेतलेल्या बाईची ही गोष्ट!

वाळवी आणि बुरशी लागू नये म्हणून अशा लाकडात दाबाखाली रसायने मुरवतात. अमेरिकेत पूर्वी त्यात क्रोमियम, तांबे आणि आर्सेनिक असे. घरगुती वापराच्या बहुतेक लाकडासाठी ते मिश्रण २००३ च्या अखेरीस बंद झाले. पण जुन्या डेकच्या फळ्यांत आर्सेनिक अजून असू शकते. जाळले तरी ते नष्ट होत नाही, धुरात आणि राखेत उतरते. रंगवलेल्या जुन्या लाकडाचेही तसेच. घरगुती रंगातल्या शिशावर इथे १९७८ मध्ये बंदी आली. त्याआधीचा रंग कधीही कोरडा घासू नये. तेव्हा नियम सोपा : लाकूड कुठून आले ते कळत नसेल, तर ते घरात आणू नका.

आता मोठा हिशेब. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) अंदाजाने २०१८ मध्ये अमेरिकेत बांधकाम आणि पाडकामाचा कचरा ६० कोटी टन होता, म्हणजे शहरी केरकचऱ्याच्या दुपटीहून जास्त. त्यातला ९० टक्क्यांहून अधिक पाडकामातला. माझ्यासारख्यांनी शनिवार-रविवारी कितीही बाक केले तरी हा ढीग हलणार नाही. बुलडोझर फिरला की चांगल्या तुळईचाही चुरा होतो. म्हणून ओरेगनमधल्या पोर्टलंड शहराने २०१६ पासून ठरावीक जुनी घरे यंत्राने न पाडता हातांनी सुटी करणे सक्तीचे केले. तसे केले तरच लाकूड सुतारापर्यंत शाबूत पोचते.

आपल्याला यात नवल वाटू नये. पुण्यातला वाडा उतरवताना सागवानी तुळया, दारे, खिडक्या जुन्या लाकडाच्या वखारीत जातात, त्यांची पुन्हा कपाटे-पलंग होतात. ‘रीसायकलिंग’ हा शब्द ऐकण्याआधीपासून हे चालू आहे. मात्र तो वाडा उतरवणाऱ्या मजुराच्या तोंडावर बहुधा फार तर रुमाल असतो. मी एक दुपार गिळलेली धूळ तो रोज गिळतो.

म्हणून माझे सांगणे दोनच गोष्टींचे. इथे तुमच्या गावात पाडकामाचे परवाने कसे दिले जातात, हे टाउन कौन्सिलच्या सभेत जाऊन विचारा. आणि तिकडे तुमचे जुने घर पुनर्विकासाला देत असाल, तर नव्या फ्लॅटच्या क्षेत्रफळाबरोबर करारात पाडणाऱ्यांच्या मास्कचेही कलम घाला.

बाक मंडळाला भेट. हिरवट तुकडे त्यात नाहीत, निर्धास्त बसा!