जलपर्यटन आणि बोटीची निवड

इ. स. १९९० सालीं युरोपांतील दोन गोद्यांतून दोन प्रवासी आगबोटी चाकरीस रुजू झाल्या. फ्रान्समधील सँ-नाझेर येथें बांधलेली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ ही एक, आणि इटलींतील मोन्फाल्कोने येथें बांधलेली ‘क्राउन प्रिन्सेस’ ही दुसरी. दोघींचीं नांवें अनेकदां बदललीं, मालक बदलले, आणि तीस वर्षांच्या भटकंतीनंतर दोघीही मुंबईच्या धक्क्यास लागल्या. ‘क्राउन प्रिन्सेस’ २०१९ च्या एप्रिलांत ‘कर्णिका’ हें नांव धारण करून आली. दीड वर्षांत तिच्या कंपनीनें गाशा गुंडाळला आणि २०२० च्या नोव्हेंबरांत अलंगच्या वाळूवर ती मोडीस गेली. पुढच्याच वर्षीं, सप्टेंबर २०२१ मध्यें, ‘नॉर्डिक एम्प्रेस’ ही नुसती ‘एम्प्रेस’ होऊन मुंबईहून गोव्याकडे व लक्षद्वीपाकडे उतारू घेऊन निघाली. एकाच सालच्या या दोन बोटी. मोडीस गेली ती आकारानें मोठी होती, आणि चालत राहिली ती लहान.

ही हकीकत आरंभींच सांगण्याचें कारण असें कीं, जलपर्यटनास निघूं पाहणाऱ्या मुंबई-पुण्याच्या कुटुंबापुढें जो पेंच पडतो तो हिच्यांत बराचसा सांठविलेला आहे. निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेली रक्कम, परदेशीं गेलेल्या मुलाचा आग्रह, लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, असें कांहीं निमित्त होतें आणि आयुष्यांत एकदां समुद्राची सहल करावी असें घरांत ठरतें. मग जाहिरातींचीं पुस्तकें येऊन पडतात. एकांत वीस मजल्यांचें, रंगीबेरंगी घसरगुंड्यांनीं मढविलेलें नवें जहाज असतें. दुसऱ्यांत बेताची, जुनी बोट असते, आणि तिचें नांव काढतांच शेजारी ‘अहो, ती आतां म्हातारी झाली’ असें सांगून जातात. खर्च असा, कीं तो पुन्हां होणें कठीण. आणि बरोबर बहुधा सत्तरी ओलांडलेली आई. निवड चुकली तर हळहळ कायमची.

या प्रश्नाची पहिली फोड अशी कीं, जुनें कीं नवें हा एक प्रश्न आहे आणि लहान कीं मोठें हा अगदीं वेगळा. बाजारांत हे दोन्ही एकाच गाठोड्यांत बांधून दिले जातात, म्हणून घोटाळा होतो. बोटीचें वय तिची बांधणी कोणत्या नियमांखालीं झाली तें सांगतें. बोटीचा आकार ती कोठें जाऊं शकेल तें ठरवितो.

आकाराची गोष्ट आधीं पाहूं. बोटीचे ‘टन’ हे वजनाचे टन नव्हेत, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९६९ च्या आंतरराष्ट्रीय करारानें ठरलेल्या आणि १९८२ पासून अमलांत आलेल्या रीतीप्रमाणें हा आंकडा बोटीच्या बंदिस्त पोकळीच्या घनफळावरून काढतात. ‘एम्प्रेस’ ४८,५६३ टनांची आहे. १९१२ सालीं जगांतील सर्वांत मोठी म्हणून गाजलेली ‘टायटॅनिक’ त्या वेळच्या मापानें ४६,००० टनांहून थोडी अधिक होती. तेव्हां आज जिला लहान म्हणतात ती बोट लहान कशी झाली हें ज्याचें त्यानें समजून घ्यावें. याच्या उलट, जानेवारी २०२४ मध्यें मायामीहून पहिल्या सफरीस निघालेलें ‘आयकॉन ऑफ द सीज्’ हें फिनलंडांत बांधलेलें जहाज २,४८,६६३ टनांचें आहे. लांबी सुमारें ३६५ मीटर, मजले वीस, खोलीस दोन या हिशोबानें उतारू ५,६१०, आणि खच्चून भरल्यास ७,६००. शिवाय नोकरवर्ग २,३५०. कोकणांतील एखादा लहानसा तालुक्याचा गांव उचलून पाण्यावर ठेवावा असा हा प्रकार.

मोठें जहाज म्हणजे गर्दी, हा समज मात्र हिशोबास सरसकट उतरत नाहीं. टनांच्या आंकड्यास उतारूंच्या संख्येनें भागलें तर माणशीं किती पोकळी मिळते त्याचा अंदाज येतो. ‘आयकॉन’च्या बाबतींत हा भागाकार ४४ च्या आसपास येतो, ‘एम्प्रेस’वर खोलीस दोन धरून सोळाशेंच्या सुमारास उतारू मावतात, म्हणजे तो ३० च्या आसपास राहतो. माणशीं जागा मोठ्या जहाजांतच अधिक. परंतु ही जागा नाटकगृहें, बर्फावर घसरण्याचीं पटांगणें, दुकानें व बागा यांत वांटलेली असते, आणि सकाळीं नऊ वाजतां किनाऱ्यावर उतरावयाचें असतें तेव्हां हजारों माणसें एकाच दाराशीं येतात. गर्दीचें दुःख जागेपेक्षां वेळेवर अधिक अवलंबून आहे.

आतां बंदरांकडे वळूं, कारण खरी मेख तेथें आहे. मोठें जहाज कोठेंही नांगर टाकूं शकत नाहीं. २ जून २०१९ रोजीं व्हेनिसच्या जुदेक्का कालव्यांत ‘एम्एस्‌सी ऑपेरा’ ही साठ हजार टनांवरील बोट ताबा सुटून धक्क्यावर व तेथें उभ्या असलेल्या एका नदीबोटीवर आदळली आणि कांहीं माणसें जखमी झालीं. १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीच्या सरकारनें २५,००० टनांवरील, किंवा १८० मीटरांहून लांब बोटींस त्या कालव्यांत मज्जाव केला. मोठ्या बोटींस औद्योगिक वस्तीच्या मार्गेरा बंदराकडे जावें लागलें. सेंट मार्कच्या चौकावरून तरंगत जाण्याचें जें चित्र पाहून लोक तिकीट काढीत तें चित्रांतच राहिलें. ‘एम्प्रेस’लाही हा नियम लागूं पडतो, हें येथें सांगितलें पाहिजे, लहानपणालाही पायऱ्या आहेत. उलट पक्षीं हीच ‘एम्प्रेस’ २०१६ सालीं तिच्या मूळ मालकांनीं परत बोलावून घेतली, ती क्यूबाच्या सफरींसाठीं, आणि २०१७ पासून ती हवानाच्या अरुंद तोंडाच्या बंदरांत जाऊं लागली. त्याच मालकांचीं अजस्र जहाजें तेथें निरुपयोगी होतीं. अंटार्क्टिकाच्या बाबतींत तर तेथील सफरी चालविणाऱ्या संस्थांनीं आपणच मर्यादा घालून घेतली आहे: पांचशेंहून अधिक उतारू नेणाऱ्या बोटीनें तेथें कोणासही उतरवावयाचें नाहीं, आणि एका वेळीं एका जागीं शंभरांहून अधिक माणसें किनाऱ्यावर असूं द्यावयाचीं नाहींत. मोठ्या जहाजांतून दक्षिण ध्रुवाकडे गेलेला मनुष्य बर्फ पाहून येतो. त्यावर पाय ठेवून येत नाहीं.

धक्का नसेल तेथें लहान बोटीसही बाहेरच थांबावें लागतें. लक्षद्वीपाच्या बेटांभोंवतीं पोंवळ्यांचे खडक आहेत. आगबोट बाहेर उभी राहते आणि लोक होड्यांतून आंत जातात. कोकणच्या आगबोटींतून पडावांत उतरण्याचा अनुभव ज्या घरांतील वडीलधाऱ्यांनीं घेतला आहे त्यांस याचें नवल वाटणार नाहीं. पण लाटेवर वरखालीं होणाऱ्या होडींत पाऊल टाकण्याचा तो एक क्षण गुडघे धरलेल्या वृद्धेस भारी जातो. तिकीट काढण्यापूर्वीं, प्रत्येक मुक्कामीं धक्का आहे कीं होडी, एवढें विचारून घेतलें तरी पुष्कळ मनस्ताप वांचतो. हा प्रश्न विचारणारे फार थोडे आढळतात. जेवणांत काय काय असतें हें मात्र सर्वच विचारतात.

बोट लागण्याची भीति पुष्कळांस असते. मोठें जहाज कमी हालतें, हें खरें आहे. बोटीच्या दोन्ही कुशींस पाण्याखालीं पंखांसारखे फाळ बसविलेले असतात. ते बाजूवर डोलणें बरेंच आंवरतात, परंतु नाळ लाटेवर चढून खालीं आपटते तें त्यांस आंवरत नाहीं. तेथें लांबीच उपयोगी पडते. मात्र पंधराव्या मजल्यावरची खोली घेऊन कोणी निर्धास्त होऊं नये. डोलण्याचा झोका उंचीबरोबर वाढतो, झाडाच्या शेंड्याप्रमाणें. खालच्या मजल्यावरील, बोटीच्या मध्यावरची खोली भाड्यानें सहसां हलकी असते आणि पोटालाही हलकी पडते.

वयाचा प्रश्न नाजुक आहे, कारण त्यांत जिवाची गोष्ट येते. ७ एप्रिल १९९० रोजीं ‘स्कँडिनेव्हियन स्टार’ या १९७१ सालीं बांधलेल्या बोटीस आग लागून १५९ माणसें मृत्युमुखीं पडलीं. भिंतींवरील लेपाच्या विषारी धुरानेंच अनेकांचा घात केला. या आगीनंतर आंतरराष्ट्रीय नियम कडक करण्यांत आले, आणि जुन्या प्रवासी बोटींना अग्निसंरक्षणाची नवी अट पुरी करण्यास १ ऑक्टोबर २०१० ही अखेरची मुदत मिळाली. लाकडी तावदानांच्या, पितळी कड्यांच्या कित्येक देखण्या बोटी त्या सुमारास भंगारांत गेल्या. रसिकांनीं हळहळ व्यक्त केली. पण त्या लाकडाचें सौंदर्य आणि त्याचें जळणें हीं वेगळीं करतां येण्यासारखीं नव्हतीं. पुढें १ जुलै २०१० नंतर बांधल्या जाणाऱ्या मोठ्या प्रवासी जहाजांवर आणखी एक अट आली: एका भागांत आग लागली किंवा पाणी शिरलें, तरी जहाजास स्वतःच्या बळावर बंदर गांठतां आलें पाहिजे. नव्या जहाजाच्या पदरीं ही जमेची बाजू निःसंशय आहे.

तथापि, नवें तेवढें सुरक्षित आणि जुनें तेवढें धोक्याचें, असा निष्कर्ष काढणें धाडसाचें होईल. २३ नोव्हेंबर २००७ रोजीं ‘एक्सप्लोरर’ ही १९६९ सालची चिमुकली लाल बोट अंटार्क्टिकाजवळ बर्फानें फुटून बुडाली. तिच्यावरील १५४ माणसें होड्यांत थंडीनें कुडकुडत बसलीं, आणि कांहीं तासांनीं दुसऱ्या बोटीनें त्यांतील एकूण एक उचलून घेतलीं. याच्या उलट, २००६ सालीं चाकरीस लागलेलें, लाखावर टनांचें ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलींतील जील्यो बेटाजवळ खडकावर चढलें, तेव्हां ऐन किनाऱ्याशीं ३२ माणसें गेलीं. तेथें लोखंड म्हातारें झालें नव्हतें. कप्तानानें वाट सोडली होती आणि बोट सोडण्याचा हुकूम वेळेवर सुटला नाहीं. त्याच दिवशीं चढलेल्या शेंकडों उतारूंची संकटकाळची कवाईत व्हावयाची राहिली होती. २०१५ पासून ही कवाईत बोट निघण्यापूर्वीं किंवा निघतांच घेण्याचें बंधन आलें. ती चुकवून खाण्याच्या टेबलाकडे धांवणारे उतारू प्रत्येक बोटीवर सांपडतात. नवी बोट त्यांना तारील असें समजूं नये.

जुनी बोट सांभाळली तर किती टिकते, याचें उदाहरण फार बोलकें आहे. १९४८ सालीं चालूं झालेली ‘स्टॉकहोम’ ही बोट १९५६ च्या जुलैमध्यें ‘आंद्रेया डोरिया’वर आदळली. ती इटालियन बोट बुडाली. ‘स्टॉकहोम’ नाळ चेंपून परत आली, दुरुस्त झाली, वेगवेगळ्या नांवांनीं फिरत राहिली, आणि शेवटीं ‘अस्टोरिया’ म्हणून २०२० पर्यंत उतारू नेत होती. प्रवासी बोटीचा सुरक्षिततेचा दाखला दर वर्षीं नवा करावा लागतो. तेव्हां बोट कोणत्या सालीं बांधली यापेक्षां ती शेवटची कोरड्या गोदींत केव्हां चढली, हें विचारणें अधिक शहाणपणाचें.

जुन्या बोटीचे त्रास वेगळेच असतात, आणि ते लपवून कांहीं लाभ नाहीं. खोल्या अरुंद, न्हाणीघर तर कपाटाएवढें. सज्जा असलेल्या खोल्या मोजक्या, कारण १९९० च्या सुमारास सज्जा ही श्रीमंतांची चैन होती. नळांची कुरकुर आणि यंत्रांची थरथरही कोठें कोठें जाणवते. उलट नव्या जहाजांत सज्जा सामान्य झाला आहे. मात्र ‘आयकॉन’च्या कांहीं सज्जांतून समुद्र दिसत नाहीं, जहाजाच्या पोटांतली बाग दिसते. समुद्राच्या सहलीस जाऊन बाग पाहत बसणें ज्यास रुचेल त्यानें तेंही करावें. लहान मुलें असलेल्या घरास मोठें जहाज खरोखरच सुखाचें आहे. मुलें दिवसभर गुंतून राहतात आणि आईबापांस पुस्तक उघडतां येतें. परंतु त्यांनीं तिकिटाच्या रकमेवर हिशोब थांबवूं नये. पेयें, बक्षिशी, दुकानें, किनाऱ्यावरील सहली यांत दुसरें तिकीट दडलेलें असतें, आणि जहाज जेवढें मोठें तेवढीं पैसे खर्चण्याचीं दारें अधिक.

कप्तान एक, सुकाणूची खोली एक. उतारू मात्र दोन हजारांचे सहा हजार झाले कीं माणशीं खर्च उतरतो. म्हणून गोद्या सामान्य जनांसाठीं बांधतात तीं जहाजें वाढतच चाललीं आहेत. लहान बोटीही नव्या बांधल्या जातात, पण त्या बहुतेक शेंदोनशें धनिकांना ध्रुवाकडे किंवा दूरच्या बेटांकडे नेणाऱ्या. त्यांचें भाडें मध्यम कुटुंबाच्या आटोक्याबाहेरचें. मधल्या मापाची, मधल्या भाड्याची बोट जवळजवळ कोणीच बांधीत नाहीं. त्यामुळें मुंबई-पुण्याच्या घरानें ‘लहान बोट हवी’ असें म्हटलें, कीं त्याचा अर्थ आपोआप ‘जुनी बोट’ असा होतो. १९९० च्या दशकांतील बोटी एकेक करून अलंगला किंवा तुर्कस्तानांतील अलिआगास जात आहेत. २०२० च्या साथीनें ती रांग एकदम लांबविली.

बॅलार्ड पिअरवर २०२५ सालीं जलपर्यटनासाठीं नवी भव्य वास्तु उघडली. मोठ्या जहाजांचें स्वागत तेथें होईल. परंतु ज्या घरास गोव्याचा किनारा पहांटे हळूहळू जवळ येतांना पाहावयाचा आहे, किंवा लक्षद्वीपाच्या निळ्या पाण्यांत पाय बुडवावयाचे आहेत, त्यानें अरुंद खोलीची तक्रार आधींच मनांतून काढून टाकावी, वृद्ध आईसाठीं खालच्या मजल्यावरची मधली खोली धरावी, पावसाळा टाळून महिना ठरवावा, आणि होडींत उतरण्याच्या दिवशीं तिनें बोटीवरच राहावें कीं नाहीं, याचा निर्णय तिलाच विचारून घ्यावा.