माळढोक, मालदांडी आणि आपण

(सोलापुरात तरुणांसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. जैवविविधतेवर बोलणार म्हटल्यावर एका मित्राने विचारलं, "आपल्या पोरांपुढे शिक्षण, नोकरी, घर हे प्रश्न काय कमी आहेत? त्यात पक्षी आणि बियाणं कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी लांब जायला नको. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नज आहे, तिथूनच सुरुवात करू.

१९७९ साली इथे माळढोक अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचं क्षेत्र होतं ८,४९६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ चौदापट. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली गावं, शेतं, बाजारपेठा, सगळं त्या रेषेच्या आत. अनेक शेतकऱ्यांना ही रेषा कळली ती जमिनीचे व्यवहार आणि बांधकामाच्या परवानग्या अडायला लागल्यावर. पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या मान्यतेने हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. पण तोवर पक्षीच जवळपास संपत आला होता. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

असं का झालं? माळढोकाला घनदाट जंगल लागत नाही. त्याला लागतो मोकळा माळ, गुडघाभर गवत आणि आजूबाजूला ज्वारी, हरभरा, तुरीची कोरडवाहू शेतं. तो टोळ-नाकतोडे खातो, दाणे खातो. मादी बहुधा एका हंगामात एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणजे कोरडवाहू शेतकरी आणि माळावर मेंढरं चारणारा धनगर यांनी जी जमीन राखली, तीच या पक्ष्याचं घर होती. मग उजनीचं पाणी आलं, बोअर आले, ऊस आणि द्राक्षं आली, माळावरून विजेच्या तारा गेल्या. सरकारी दप्तरात माळ म्हणजे 'पडीक जमीन'. शेतकऱ्याला मी दोष देणार नाही. उसाला कारखाना आहे, ज्वारीच्या मागे कोण उभं होतं? पक्षी वाचवायची योजना केली, पण ज्या शेतीवर तो जगत होता तिला आणि ती करणाऱ्या माणसाला योजनेत जागाच नव्हती.

आता त्या ज्वारीकडे येऊ. मंगळवेढ्याला ज्वारीचं कोठार म्हणतात. दुर्गादेवीच्या दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडणाऱ्या दामाजीपंतांची कथा याच गावची. इथल्या खोल काळ्या जमिनीत पावसाची ओल टिकते आणि त्या ओलीवर, वरून पाणी न देता, रब्बीची ज्वारी येते. २०१६ मध्ये मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. मालदांडीचं जे वाण सर्वांना माहीत आहे ते म्हणजे 'एम ३५-१'. त्यातला 'एम' म्हणजे मोहोळ. १९३०च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवड करून ते तयार झालं. शास्त्रज्ञांचं श्रेय मोठंच आहे. पण त्यांनी ज्यातून निवड केली ती मालदांडी कुणी घडवली? पिढ्यान्‌पिढ्या भरलेली कणसं निवडून, वेगळी मळून, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून दाणे ठेवणाऱ्या घरांनी. हे काम बहुतेक बायकांनी केलं. भाकरीची ज्वारी वेगळी, हुरड्याची गूळभेंडी वेगळी, लाह्यांची वेगळी. कडबा गोड हवा, नाहीतर बैल तोंड लावत नाही, हाही निवडीचा निकष होता.

माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. एकच प्रत असेल तर तिला आम्ही बॅकअप म्हणत नाही. आणि जो बॅकअप कधी चालवूनच पाहिला नाही, त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक बँकेत बियाणं शीतगृहात सांभाळलं जातं, ते हवंच. पण तिथल्या बियाण्याने गेल्या वर्षीचा दुष्काळ पाहिलेला नसतो. शेतातलं बियाणं दरवर्षी नव्या हवामानातून पार पडून येतं. ही चालू प्रत हजारो छोट्या शेतकऱ्यांकडे असते. त्यांनी ते वाण पेरणं सोडलं की ती प्रत पुसली जाते.

लोकांच्या हाती सूत्रं राहिली तर काय होतं, हे आपल्याच राज्यात दिसतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे महादेव कोळी समाजातल्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. त्यांनी भाताची, वालाची, भाज्यांची गावठी वाणं गोळा केली, पेरून वाढवली, इतर बायकांना वाटली. देशाने त्यांना पद्मश्री दिली.

दुसरं उदाहरण गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं. मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. इथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. आधी अभ्यास गट बसतो, मग ग्रामसभा ठरवते. २००६च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. तो ग्रामसभेच्या हाती आला एप्रिल २०११ मध्ये. जंगल राखायचं आणि त्यावर जगायचं, दोन्ही एकाच ग्रामसभेने ठरवायचं, अशी ही रीत आहे.

"आमच्याकडे जंगल नाही, आम्ही आदिवासी नाही," असं तुम्ही म्हणाल. पण २००२चा जैवविविधता कायदा सगळ्यांसाठी आहे. प्रत्येक ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिकेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही करायची. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत दिली आणि त्यानंतर दरमहा दहा लाखांचा दंड सांगितला. दंडाच्या धाकाने वह्या भरल्या की काय होतं, हे सांगायला नको. वही असते, पण गावातल्या म्हाताऱ्यांना कुणी काही विचारलेलं नसतं.

आणि ही नोंद नुसती हौस नाही. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात सांगितलं की वनौषधींवर धंदा करणाऱ्या भारतीय कंपनीनेही लाभातला वाटा द्यायचा आहे. २०२३च्या दुरुस्तीने या तरतुदी काही बाबतींत सैल केल्या. अशा वेळी ज्ञान कुणाचं, हे गावाच्या वहीत लिहिलेलं नसेल तर वाटा कुणी मागायचा?

आता आपल्याबद्दल. घरात दखनी आणि बाजारात मराठी बोलणारे आपण या मातीत उपरे नाही. उस्मानाबादी शेळी भूमिहीन आणि छोट्या शेतकऱ्याच्या दारात वाढली. तिची पारख खाटीक आणि मुलाणी घरांत आहे. आतारांच्या दुकानात जडीबुटीची ओळख आहे, बागवानांना कोणतं फळ कुठल्या शिवारातलं हे कळतं. दर्ग्याच्या आणि कब्रस्तानच्या आवारात जुनी झाडं उभी आहेत. हे सगळं त्या वहीत यायला हवं. कुणी झाड लावलं किंवा पेरणी केली आणि त्यातलं माणसाने, पक्ष्याने, जनावराने खाल्लं, तर तो सदका ठरतो, या आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. आपण ती झाड लावण्यापुरती सांगतो. पेरणाराही त्यात आहे, आणि दाणे टिपणारा पक्षीही.

आता सांगा, इथे बसलेल्यांपैकी किती जण आजवर ग्रामसभेला किंवा वॉर्डाच्या बैठकीला गेले आहेत? हात वर करा. बघा, किती थोडे आहेत. आपल्याला बोलावणं येतं ते बहुतेक आपल्या ओळखीवरच्या वादात. पाणी, माळ, बियाणं यांवर बोलायला कुणी बोलावत नाही, आणि आपणही जात नाही. नागरिक म्हणून आपली जागा तिथेही आहे.

म्हणून तीन कामं. एक, आपल्या गावाची किंवा शहराची नोंदवही मागा. समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, ते विचारा. मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दोन, दादी, नानी, शेजारचे शेतकरीकाका, मेंढपाळ यांच्याकडे बसून ऐका. मोबाइलमध्ये आवाज रेकॉर्ड करा, पण आधी त्यांची परवानगी घ्या, आणि ते ज्ञान त्यांच्या नावाने नोंदवा. तीन, ज्याच्याकडे दोन गुंठेही जमीन आहे त्याने एक गावठी वाण पेरावं आणि मूठभर बियाणं शेजाऱ्याला द्यावं. बाकीच्यांनी भाकरीसाठी ज्वारी थेट कोरडवाहू शेतकऱ्याकडून घ्यावी, ईदचा बकरा घेताना आधी आपल्या भागातली शेळी पाहावी. शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळालं तर तो हे वाण पुढच्या वर्षीही पेरेल.

पुढची ग्रामसभा कधी आहे, हे आज घरी जाऊन विचारा.