‘गुड लक’ म्हणतांना

परीक्षेच्या दिवशीं सकाळीं एकाद्या शाळेच्या फाटकाशीं घटकाभर उभें राहिलें, तर इंग्रजी भाषेंतील एक शब्द सारखा कानीं पडतो. तो शब्द म्हणजे ‘लक’. एक मुलगा दुसऱ्यास ‘बेस्ट लक’ म्हणतो, दुसरा ‘सेम टु यू’ म्हणून त्याची लगेच परतफेड करतो; आणि निकालाच्या दिवशीं ज्याचा नंबर सांपडत नाहीं त्याच्या पाठीवर हात ठेवून ‘हार्ड लक’ म्हणणाराहि बहुधा तोच मित्र असतो. हे शब्द मराठी घरांत इतके रुळले आहेत कीं, ते परके आहेत याची आठवणहि कोणास होत नाहीं. परंतु, श्रोते हो, रुळलेला शब्द समजलेला असतोच असें नाहीं. इंग्रजींतील दैवविषयक वाक्प्रचार वरून एकमेकांसारखे दिसतात. पण एकाच्या जागीं दुसरा घातला तर आशीर्वादाचा उपहास होतो आणि सांत्वनाची थट्टा.

‘लक’ हा शब्द इंग्रजींतहि मूळचा नव्हे. पंधराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तो डच किंवा उत्तर जर्मनीकडील बोलींतून तेथें आला, आणि बहुधा जुगार खेळणारांच्या तोंडून आला, असा कोशकारांचा तर्क आहे. जर्मन भाषेंत याच कुळांतील ‘ग्ल्युक’ या शब्दाचा अर्थ सुदैव असाहि होतो आणि सुख असाहि होतो. इंग्रजींतहि तीच गोष्ट निराळ्या वाटेनें घडली. ‘हॅप’ म्हणजे योगायोग. त्यावरून ‘हॅपन’, ‘परहॅप्स’, ‘मिसहॅप’ हे शब्द झाले, आणि त्याच ‘हॅप’वरून ‘हॅपी’ झाला. म्हणजे ‘हॅपी’ मनुष्य हा प्रथम दैवाचा लाडका होता. सुखी तो मागाहून झाला.

आतां आपले शब्द पाहावे. ‘भाग्य’ म्हणजे वांट्यास आलेला भाग. अरबींतून आलेल्या ‘नशीब’ या शब्दाचा मूळ अर्थहि वांटा असाच आहे. हा वांटा केव्हां ठरतो? जन्मानंतर थोड्याच दिवसांत सटवी येऊन बाळाच्या कपाळीं काय तें लिहून जाते, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. एकदां लिहिलें तें लिहिलें. म्हणूनच ‘तुला चांगलें नशीब लाभो’ हें वाक्य व्याकरणांत कितीहि निर्दोष असलें तरी परीक्षेस निघालेल्या नातवास कोणतीहि मराठी आजी तें म्हणणार नाहीं. ती म्हणेल, ‘यशस्वी हो’. जें लिहून झालें त्याबद्दल इच्छा ती काय करावयाची? इंग्रजी ‘लक’ मात्र फांशासारखें आहे. फांसा हातांतून सुटेपर्यंत काय पडेल हें ठरलेलें नसतें, आणि तेवढ्या अवकाशांत शुभेच्छेला जागा मिळते.

हा भेद ध्यानीं ठेवला म्हणजे पुष्कळ चुका आपोआप टळतात. ‘गुड लक’ हें नेहमीं पुढें व्हावयाच्या गोष्टीस उद्देशून म्हणावयाचें असतें. गोष्ट घडून गेली कीं त्याचें काम संपलें. मग अभिनंदन करावें. नोकरी मिळाल्याचें कळलें तर अभिनंदन, आणि कामावर रुजू होण्यास निघाला तर ‘गुड लक’. आणखी एक बारीकसें: इंग्रज मनुष्य ‘गुड लक’ म्हणतो किंवा ‘बेस्ट ऑफ लक’ म्हणतो; नुसतें ‘बेस्ट लक’ हें नाणें आपल्याच टांकसाळींतलें आहे. तें आपल्या बाजारांत खुशाल चालावें, पण इंग्रजी पत्रांत घालूं नये.

याहून नाजूक स्थळ ‘लकी’ या विशेषणाचें आहे. आपल्याकडे ‘नशीबवान आहेस हो!’ असें कौतुकानें म्हणतात, आणि ऐकणाराहि सुखावतो. त्यांत त्याच्या पूर्वपुण्याईचा गौरव असतो. परंतु वर्षभर रात्रींचा दिवस करून पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झालेल्या इंग्रज विद्यार्थ्यास ‘यू आर लकी’ म्हटलें, तर त्याच्या कपाळास आठी पडेल. त्याच्या कानांनीं ऐकलेला अर्थ असा कीं, तुझ्या अंगीं कांहीं नव्हतें, फांसा मात्र बरा पडला. विवाहाच्या प्रसंगीं तर जुन्या इंग्रजी शिष्टाचारांत एक गमतीचा नियम होता. अभिनंदन करावयाचें तें वराचें. वधूला केवळ सुखाची शुभेच्छा द्यावयाची. वधूचें अभिनंदन करणें म्हणजे ‘अखेर मिळवलास बाई एक नवरा’ असें सुचविण्यासारखें होई. आजकाल हा नियम फारसा कोणी पाळीत नाहीं, पण जुनीं पुस्तकें वाचणाऱ्यास तो ठाऊक असलेला बरा.

स्वराप्रमाणेंहि अर्थ बदलतो. ‘गुड लक टु हिम’ हें मोकळ्या मनानें म्हटलें तर शुभेच्छा, ओंठ किंचित् मुरडून म्हटलें तर ‘करूं दे काय करतो तें’. ‘बेस्ट ऑफ ब्रिटिश लक’ हें तर बहुधा थट्टेनेंच म्हणतात. हें काम तुझ्यानें व्हावयाचें नाहीं, असा त्याचा आशय. ‘जस्ट माय लक’ म्हणणारा नेहमीं दुर्दैवी असतो. येथें मराठी वाचकास अडचण पडूं नये, कारण गाडी चुकल्यावर ‘माझें नशीब!’ म्हणून आपणहि हाच उद्गार काढतों. खरी फसगत अमेरिकन बोलींत होते. तेथें ‘आउट ऑफ लक’ म्हणजे दैवानें पाठ फिरविली, आणि ‘लक आउट’ होणें म्हणजे दैव उघडलें! तेच दोन शब्द, जागा उलट, अर्थहि उलट. ‘पॉट लक’चें मात्र भय नको. घरांत जें शिजलें असेल तें आमच्याबरोबर खा, असें तें सरळ आमंत्रण आहे. आपल्या ‘मीठभाकर’ शब्दाचा तो सख्खा भाऊ.

येथवर शब्दार्थ झाला. यापुढील कांहीं वाक्प्रचार भीतींतून जन्मलेले आहेत, आणि ते समजण्यास मराठी मनुष्यास कोश फारसा लागत नाहीं. ‘तीन वर्षांत एकहि दिवस अंथरूण धरलें नाहीं’ असें बोलून इंग्रज मनुष्य चटकन् मेजाच्या लांकडास बोट लावतो आणि ‘टच वुड’ म्हणतो. अमेरिकन मनुष्य तेंच लांकूड ठोठावतो. प्राचीन काळीं वृक्षांत देवता राहात, त्यांची ही आराधना, असें पुष्कळ ठिकाणीं छापलेलें आढळतें. पण त्यास आधार सांपडत नाहीं. मुलांच्या शिवाशिवीच्या एका जुन्या इंग्रजी खेळांत लांकडास हात लावणारा गडी बाद होत नसे, त्या खेळावरून हें आलें असावें, हें मत अधिक पटण्यासारखें आहे. आपल्या खांबखांबोळींत खांब धरणारा सुरक्षित असतो, तसेंच तें. अर्थ म्हणाल तर ‘दृष्ट न लागो’ हाच. म्हणून परीक्षेस निघालेल्या मुलास ‘टच वुड’ म्हणणें निरर्थक आहे. आधीं कांहीं चांगलें बोलून झालें असेल तरच तें शोभतें. बोटावर बोट चढवून ‘फिंगर्स क्रॉस्ड’ म्हणणें हें निकालाची वाट पाहणारासाठीं. तो क्रुसाचा आकार मानतात. परंतु इंग्रज मुलें खोटें बोलतांनाहि पाठीमागें तशींच बोटें धरतात, म्हणजे दोष लागत नाहीं अशी त्यांची समजूत! तेव्हां हा वाक्प्रचार योजणारानें हात पुढें ठेवावे, हें बरें.

सर्वांत विलक्षण वाक्प्रचार रंगभूमीवरचा आहे. नट रंगमंचावर जावयास निघाला कीं त्यास ‘गुड लक’ म्हणूं नये, तो अपशकुन. त्यास म्हणावें ‘ब्रेक अ लेग’, म्हणजे ‘तुझा पाय मोडो’. १८६५ सालीं अब्राहम लिंकन यांचा खून करणारा नट बूथ यानें नाटकगृहांतील सज्जांतून रंगमंचावर उडी घेतली व त्याचा पाय मोडला, त्यावरून ही म्हण निघाली, अशी कथा सांगतात. कथा रंगतदार आहे. पण म्हण लेखांत दिसूं लागते ती विसाव्या शतकांत, त्यामुळें कथा टिकत नाहीं. १९२१ सालच्या एका निबंधांत रॉबर्ट लिंड या आयरिश निबंधकारानें असा पाय मोडण्याचा आशीर्वाद घोड्यांच्या शर्यतींच्या संबंधांत नमूद केला आहे. नटमंडळींचा नंबर त्यानें अंधश्रद्धेंत शर्यतवाल्यांच्या खालोखाल लावला. १९३९ सालीं एड्ना फर्बर या अमेरिकन लेखिकेच्या आत्मचरित्रांत तो रंगभूमीच्या संदर्भांत आढळतो. जर्मन लोक तर पायाबरोबर मानहि मोडावयास सांगतात. फ्रेंच नटांची शुभेच्छा सभ्य मंडळींत उच्चारण्याजोगी नाहीं.

हें ऐकून हंसूं येईल, पण हंसण्यापूर्वीं आपल्या घरांत डोकावावें. दारांतून बाहेर पडतांना आपण ‘जातों’ म्हणत नाहीं, ‘येतों’ म्हणतों. बांगडी फुटत नाहीं, ती ‘वाढते’; दुकान बंद होत नाहीं, तें ‘वाढवितात’. आपण अशुभावर शुभ शब्दाचें पांघरूण घालतों, इंग्रज नट शुभावर अशुभाचें घालतो. आणि तीहि रीति आपल्यास परकी नाहींच. ज्या घरीं मुलें जगत नसत, तेथें नवसानें झालेल्या बाळाचें नांव दगडू, धोंडू, केरू ठेवीत. कोणा वाईट दृष्टीनें पाहिलें तर तिला वाटावें कीं हा तर दगड आहे, यास काय न्यावयाचें! ‘ब्रेक अ लेग’ म्हणणारा नट आणि लेकराला केरू म्हणणारी माउली, दोघांच्याहि मनांत एकच धास्ती आहे.

जुन्या इंग्रजींत दैवाचें नांव न घेतांहि निरोप देत असत. ‘गॉडस्पीड’ या शब्दाचें ‘देवाचा वेग’ असें भाषांतर विद्यार्थी करतात, आणि मास्तर त्याखालीं तांबडी रेघ ओढतात. ‘स्पीड’ याचा जुना अर्थ वेग नव्हे, यश आणि भरभराट. ‘देव तुला यश देवो’ एवढेंच तें म्हणणें आहे; आजीच्या ‘यशस्वी हो’पासून तें हातभर अंतरावरहि नाहीं.

राहतां राहिलें तें ‘हार्ड लक’, आणि तेंच अधिक जपून वापरण्याचें आहे. मुलगा नापास झाला कीं आपल्याकडे वडील माणूस सुस्कारा टाकून म्हणतो, ‘त्याच्या नशिबींच विद्या नाहीं’. हें वाक्य सांत्वनाचें वाटतें, पण तें सटवीचें लिखित वाचून दाखविणें आहे. या एका वाक्यानंतर किती मुलांचीं पुस्तकें माळ्यावर गेलीं आणि किती मुलें दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसलीं! मुलींच्या बाबतींत तर तेवढाहि सुस्कारा कोणी टाकीत नसे. ‘हार्ड लक’ चा अर्थ हा नव्हे. फांसा या खेपेस वांकडा पडला, इतकेंच तो शब्द सांगतो. फांसा मोडला असें सांगत नाहीं. म्हणून इंग्रजींत त्याच्या मागोमाग ‘बेटर लक नेक्स्ट टाइम’ हेंहि यावयाचें असतें, आणि आपण उसनवारी करतांना पहिला तुकडा आणला, दुसरा पुष्कळदां तिकडेच राहिला. नापास मित्राच्या पाठीवर हात ठेवून ‘हार्ड लक’ म्हणणारा मुलगा त्याच दमांत पुढच्या परीक्षेचा अर्ज कोणत्या तारखेपर्यंत भरावयाचा तें सांगत असेल, तर त्याचें इंग्रजी बरोबर आहे असें खुशाल समजावें.